मृगाच्या तोंडावर परसातल्या टाक्याचं पाणी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक तापाचे दिवस, सरला की नागपुरात सगळेच हुश्श करतात, घरामागे मासे पाळणारे जरा जास्तच. पंचेचाळीस अंशांत मासे तगले, आता पाऊस आला, आता कसली काळजी, असा हिशेब असतो. माझ्या पाहण्यात मात्र परसातल्या टाक्यातले मासे मे महिन्यात क्वचित मरतात. मरतात ते मृग-आर्द्रात, पहिल्या जोराच्या पावसानंतर किंवा पहिल्या झडीत. मेमध्ये आपण रोज टाक्याशी जातो, हिरवी जाळी ताणतो, पाणी भरतो. पाऊस आला की तिकडे पाठ फिरते.

पहिली गोष्ट, गच्चीचा पाइप. दहा बाय सहा फुटांचं आणि तीन फूट पाण्याचं टाकं म्हणजे सुमारे 5,100 लिटर. त्यावर आभाळातून थेट 100 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाचशे लिटरची भर पडते. त्याने काही बिघडत नाही. तोच पाऊस हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं. गच्चीचा पाइप टाक्यात सोडलेला असेल तर एका रात्रीत जवळपास सगळं पाणी बदलतं, आणि पहिल्या पावसात गच्चीवरची चार महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाणही सोबत उतरते.

हे मी स्वतः करून बसलो आहे. फुकटचं गोड पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून पाइप वळवला आणि सकाळी अकरा कटला मासे उताणे तरंगताना दिसले. शेजारचे म्हणाले, "भाऊ, इतकं साफ पाणी, अन् मासे कायले मेले?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसते. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट म्हणजे अल्कलिनिटी. सामू (पीएच) एकदम चढू किंवा पडू नये म्हणून पाण्याने गाठीला बांधलेली ती पुंजी समजा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात ती सहसा भरपूर असते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि ज्याने तोटीवर पांढरी खपली धरते, त्या पाण्यात मासे सुखात राहतात. माशांच्या टाक्यात ती 80 ते 200 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असावी. 50 च्या खाली गेली की पाणी बेभरवशाचं होतं: पहाटे सामू साडेसहा, दुपारी शेवाळाने कर्बवायू ओढून घेतला की नऊच्या वर. मासा सात सोसतो, साडेआठही सोसतो. एका दिवसातली ही चढउतार त्याला झेपत नाही.

त्यात माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू हीच पुंजी खातात. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला त्यांना सुमारे 7 ग्रॅम अल्कलिनिटी लागते. म्हणजे पाऊस पडला नाही तरी ती घटतच असते. दर वर्षी पाणी तेच, मासे तेच, मग यंदाच काय झालं, असं विचारणारे बहुतेक जण सामू मोजतात आणि अल्कलिनिटी मोजत नाहीत. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचा किट मिळतो. एकच किट घेण्याइतके पैसे असतील तर मी अल्कलिनिटीचा घेईन.

कमी भरली तर खाण्याचा सोडा. हजार लिटरला साधारण 17 ग्रॅम टाकला की अल्कलिनिटी 10 पीपीएमने वाढते. वरच्या 5,100 लिटरच्या टाक्यात ती 30 ने वाढवायची तर अडीचशे ग्रॅम पुरतो. बादलीत विरघळवून निम्मा आज, निम्मा उद्या ओता. सोड्याने सामू आठच्या थोडा वर जाऊन थांबतो, म्हणून चुकून चिमूटभर जास्त पडला तरी घात होत नाही. मातीच्या तळ्याला शेतीचा चुना (चुनखडीची पूड) चालतो, गुंठ्याला दोन किलोच्या हिशेबाने. पण मासे असलेल्या सिमेंटच्या टाक्यात कळीचा किंवा भिजवलेला चुना कृपा करून टाकू नका. "थोडा चुना मारला की पाणी निवळते" हा सल्ला मी किती जणांकडून ऐकला याची गणती नाही.

चुन्याची भीती का, ते सांगतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यातलं एकच विषारी आहे. पाणी 30 अंशांवर आणि सामू 7 असेल तर विषारी वाटा शंभरात एकाहूनही कमी. सामू 8 झाला की सात-आठ. 9 झाला की चाळीसच्या वर. पाण्यातला अमोनिया तेवढाच राहतो, फक्त चुन्याने सामू एकदम वर चढला आणि मासे गेले. म्हणून अमोनियाची चाचणी सकाळच्या पाण्यावर करून निर्धास्त होऊ नका, दुपारी चारला करा आणि सोबत सामूही बघा.

प्राणवायूचं घड्याळ याच्या उलट चालतं. त्याची खरी परीक्षा पहाटे पाचला. 20 अंशांचं पाणी लिटरमागे 9 मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू धरतं, 35 अंशांचं सातच्या आसपास. माशांना 5 तरी हवा, 3 च्या खाली जीव कासावीस होतो. उन्हाच्या दिवशी शेवाळ दिवसभर प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच तो वापरतं. झड लागली, तीन दिवस सूर्य दिसला नाही, की दिवसाची कमाई बंद आणि रात्रीचा खर्च चालू. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले आहेत असं समजून ढेप (तेलबियांची पेंड) टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कटला सगळ्यात आधी वर येतो, सायप्रिनस (कॉमन कार्प) बराच वेळ तग धरतो. मांगुराकडे बघून अंदाज बांधू नका, तो हवेतूनही श्वास घेतो.

यावरचं यंत्र नागपुरात घरोघरी आहे. पाऊस लागला की कुलर उतरतो. त्याचा छोटा पंप माळ्यावर टाकू नका, टाक्यात ठेवा. खाली वीट ठेवा म्हणजे गाळ ओढणार नाही, आणि पाइपाला भोकं पाडून पाणी दीड-दोन फुटांवरून धारांनी पडू द्या. रात्री दहा ते सकाळी सात चालवा. स्वस्त पंपातून पाण्यात करंट उतरतो, तेव्हा लाइनवर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि हात घालण्याआधी प्लग काढायचा. झडीत वीज गेली तर बादलीने पाणी काढून उंचावरून परत ओतत बसायचं. दुसरा इलाज नाही. आभाळ भरून आलं की शेडनेटही गुंडाळून ठेवा. जो थोडा उजेड येतो तो शेवाळाला मिळू द्या.

मात्र कुलरच्या टाकीतलं पाणी माशांच्या टाक्यात ओतू नका. उन्हाळाभर पाणी उडून जाऊन त्यात क्षार साचलेले असतात, आणि डासांच्या अळीसाठी कोणी रॉकेल किंवा औषध टाकलं असेल तर विचारायलाच नको. तुमच्या टाक्यातही मेमध्ये हेच झालेलं असतं. रोज सेंटिमीटरभर पाणी उडतं, आपण बोअरने भरतो, क्षार आणि घाण मागेच राहते. पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. मृगाआधी तळातलं चौथा हिस्सा पाणी गाळासकट काढून झाडांना द्या आणि तेवढंच नवं भरा. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असेल तर ड्रममध्ये एक दिवस उघडं ठेवून मगच घाला, त्यात क्लोरीन असतो.

पाणी किती हिरवं असावं? कोपरापर्यंत हात बुडवा. तळहात अंधूक दिसला तर ठीक. मनगटाच्या थोडं पुढेच दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालं, खाद्य कमी करा. आणि हिरवंगार पाणी एका रात्रीत तपकिरी किंवा निवळ झालं तर आनंद मानू नका. शेवाळ मेलं आहे, आता ते कुजताना प्राणवायू खाईल. खाद्य बंद, पंप दिवसरात्र, आणि चौथा हिस्सा पाणी हळूहळू बदला.

कोंडा आणि ढेप एरवी माशांच्या वजनाच्या दोन-तीन टक्के देत असाल तर झडीत निम्मं करा. तेवढ्याने मासे उपाशी मरत नाहीत. ताजं शेण तर या दिवसांत टाक्याच्या आसपासही नको. कल्ले चॉकलेटी रंगाचे दिसले तर ते नायट्राइटचं लक्षण आहे, हजार लिटरला एक किलो जाडं मीठ विरघळवून टाका. यंदाच बांधलेलं नवं टाकं असेल तर त्यात अजून बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडू नका. सिमेंटचा चुना उतरेपर्यंत दोन-तीन आठवडे पाणी भरा, काढून टाका, पुन्हा भरा आणि सामू साडेआठच्या खाली स्थिर झाल्यावरच मासे आणा.

ओसंडणारं पाणी वरून जाऊ देण्यापेक्षा तळातून जाईल असं करा. बाहेर जाणाऱ्या उभ्या पाइपावर एक रुंद पाइप बसवायचा, त्याच्या खालच्या कडेला खाचा पाडायच्या, वरचं तोंड पाण्याच्या वर ठेवायचं. पाऊस वर पडतो, गाळाचं पाणी खालून ढकललं जातं. सखल वस्तीत राहणाऱ्यांना 2023 च्या सप्टेंबरातली, अंबाझरी तलाव ओसंडून पूर आला ती रात्र आठवत असेल. तसं नाल्याचं पाणी टाक्यात शिरलं तर त्यातले जिवंत मासेही खाऊ नका. टाकं रिकामं करा, घासा, वाळवा, आणि बोअरच्या पाण्याने नव्याने भरा.