शिपिंगचे दर लावण्याआधी खोकं मोजा

वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटवर ऑनलाइन दुकान चालवायचं प्लगइन) फराळ, पापड, मसाल्यांचं दुकान असेल आणि दिवाळीआधी शिपिंगचे दर नीट लावायचे असतील, तर लॅपटॉप उघडण्याआधी मेजरिंग टेप शोधा. गेल्या दिवाळीला मी झोन (एकाच दराच्या भागांचे गट) पाडले, दर भरले, कूपनंही लावली. खोक्याचं माप तेवढं राहिलं. ऑर्डरी धडाक्यात गेल्या आणि नंतर कुरियरच्या बिलात वजनातल्या फरकाचा असा रकाना निघाला की फराळ फुकट वाटला असता तरी चाललं असतं.

कुरियरवाला दोन वजनं काढतो. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं. जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, आणि त्याला सहसा ५००० ने भागायचं. चकली-चिवड्याचं ३० बाय २५ बाय २० चं खोकं घ्या. काट्यावर सव्वा किलो, हिशेबात तीन किलो. ५०० ग्रॅमच्या स्लॅबने, म्हणजे टप्प्याने, सव्वा किलोला तीन स्लॅब लागले असते, इथे सहा लागतात. लाडवांचं तसं नाही, ते मुळातच जड. मार खातो तो चिवडा. भाजक ५००० आहे की ४०००, हे आपल्या करारात बघा. भाजक लहान असेल तर वजन वाढतं. विमानाच्या कार्गोत ६००० चालतो म्हणून कोणी सांगेल, तो आकडा इथे भरू नका.

आता माप कशाचं? भरलेल्या, चिकटपट्टी मारलेल्या खोक्याचं, बाहेरून. पाकिटाचं नाही, डब्याचं नाही, खोकेवाल्याने सांगितलेलंही नाही. तो बऱ्याचदा आतलं माप सांगतो. बबल रॅप कोंबला की खोक्याचं पोट सुटतं, म्हणून मेजरिंग टेप मधोमध लावा, कडेला नाही. वरचंच खोकं प्रत्येक मापात तीन सेंटीमीटर फुगलं तर ३३ बाय २८ बाय २३ होतं, म्हणजे सव्वाचार किलो, आणि स्लॅबने साडेचार. तीनाचे साडेचार झाले, तेही एक चकली न वाढता. दोन-तीन ठरावीक आकारांची खोकी घ्या, प्रत्येक भरून मोजा, टेपसकट फोटो काढून ठेवा. वजनावरून वाद झाला की हाच फोटो लागतो, आणि वाद घालायची मुदत थोडी असते.

ग्रॅम की किलो, सेंटीमीटर की इंच, हे वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या. पुढे.

वूकॉमर्सच्या साध्या फ्लॅट रेटला (एकच ठरावीक दर) वजन कळत नाही. वजनावर दर हवा असेल तर टेबल रेटचं (वजनाप्रमाणे दरांचा तक्ता) प्लगइन घ्या किंवा कुरियर ॲग्रीगेटरचं (अनेक कुरियर एकाच ठिकाणी देणारी सेवा) प्लगइन जोडा. जोडलंत की आधी डीफॉल्ट माप कुठे आहे ते शोधा. प्रॉडक्टचं माप रिकामं असेल तर बरीच प्लगइनं स्वतःचं काहीतरी धरून चालतात. ते १० बाय १० बाय १० असेल तर तुमचं खोकं आकारमानाने २०० ग्रॅमचंच ठरतं, ग्राहकाला कमी दर दिसतो आणि उरलेले पैसे तुमच्या खिशातून जातात. रिकामं ठेवू नका. खरंच, रिकामं ठेवू नका. एका ऑर्डरीत तीन पाकिटं असली तर प्लगइन तीन पार्सलं धरतं की एक, तेही बघा. तीन धरली तर ग्राहक दर बघूनच पळतो.

रेट कार्डावर पहिल्या ५०० ग्रॅमचा दर वेगळा आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमचा वेगळा असतो. त्यावर फ्युएल सरचार्ज (इंधनाचा अधिभार) आणि १८ टक्के जीएसटी चढतो. हे सगळं धरून आलेला दर भरा, नुसता छापलेला नाही. ग्राहकाच्या बिलात शिपिंगवर कर कसा दाखवायचा, ते सीएला विचारा.

झोन पिनकोडवर पाडा. यादीत वरून खाली जो पहिला जुळेल तोच लागतो, तेव्हा लहान झोन वर आणि 'उरलेला भारत' तळाला. ४ ने सुरू होणारे सगळे पिन महाराष्ट्राचे नाहीत. गोवा ४०३, आणि मध्य प्रदेश, छत्तीसगडही चारातच. ४१० म्हणजे पुणे, असं धरू नका. लोणावळा ४१०, पनवेलही ४१०. ईशान्येला ७८ आणि ७९ लावून मोकळे झालात तर सिक्कीम राहतं, त्याचं ७३७. जम्मू-काश्मीर आणि लडाखला १८ आणि १९. लक्षद्वीपचा पिन कोचीसारखाच ६८२ ने सुरू होतो, त्यामुळे कोचीच्या झोनमध्ये ६८२ लिहून पुढे चांदणी (*) टाकलीत तर बेटावरचं पार्सल कोचीच्या दरात जाईल. ६८२५५१ पासूनचे पिन वेगळ्या झोनमध्ये, तोही वर.

सीओडीचा (माल हाती आल्यावर पैसे द्यायची सोय) चार्ज सहसा ठरावीक रक्कम किंवा बिलाचे काही टक्के, यातला जो जास्त तो असतो. परत आलेल्या पार्सलाचं भाडंही तुम्हालाच. फराळ परत येऊन काय उपयोग? नव्या गिऱ्हाइकाला सीओडी बंदच ठेवा, मी ठेवते. 'अमुक रकमेवर शिपिंग मोफत' लावायचं असेल तर ती रक्कम कूपनच्या आधीची की नंतरची, ते ठरवा. आणि मोफत शिपिंगचं गणित मांडतानाही आकारमानाचंच वजन धरा, काट्यावरचं नाही.

मग खोट्या ऑर्डरी टाकून बघा: आपलं गाव, पनवेल, पणजी, गंगटोक, लक्षद्वीपचं कवरत्ती. एकदा एक पाकीट, एकदा चार. आलेला दर कागदावर काढलेल्या दराशी ताडा. नाही जुळला तर आधी खोक्याचं माप बघा, बाकी मग. दर बदलूनही जुनाच दिसत असेल तर तो कॅशमधला (साइटने साठवून ठेवलेला) आहे, शिपिंगचा डीबग मोड (चूक शोधायची सोय) चालू करून बघा. झालं की तो बंद करा. चालू राहिला तर कोणता झोन जुळला ते ग्राहकालाही दिसतं, आणि फोन तुम्हाला येतात.