होडीत पाय ठेवण्यापूर्वी: गोव्यातील सागरी सहलीसाठी मार्गदर्शन

२५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या किनाऱ्यासमोर पर्यटकांची एक होडी उलटली. वीस जणांना वाचवता आले. ५४ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. ही होडी किनाऱ्यापासून सुमारे ६० मीटरवर होती, म्हणजे वाळूत उभ्या असलेल्या माणसाला होडीतील हाका स्पष्ट ऐकू याव्यात इतक्या जवळ. धोका खोल समुद्रात असतो अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते आणि त्याच समजुतीने ‘इथल्या इथे तर जायचे आहे’ म्हणून आपण लाइफ जॅकेटचे पट्टे सैल सोडतो. लहान होडीसाठी सर्वांत अवघड जागा मात्र किनाऱ्यालगत, लाटा फुटतात तीच असते.

लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा खालचा भाग मंदावतो, माथा पुढे झुकतो आणि ती कोसळते. अशी लाट होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आली तर होडी वर उचलली जाते आणि पुढे सरकते; तीच लाट कुशीवर आदळली तर होडी आडवी पडते. म्हणून वाळूवरून सुटणाऱ्या किंवा वाळूवर लागणाऱ्या होडीत, ती लाटांची रांग पूर्ण ओलांडेपर्यंत, प्रत्येकाने खाली बसून दोन्ही हातांनी पक्की जागा धरावी, मोबाइल खिशात ठेवावा आणि किनारा जवळ आला म्हणून आधीच उठून उभे राहू नये. बरोबर वृद्ध माणसे किंवा लहान मुले असतील, तर पणजीच्या सांता मोनिका जेटीसारख्या नदीतील धक्क्यावरून सुटणारी बोट निवडावी, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. पाळोळेहून बटरफ्लाय बीचकडे जाणाऱ्या होड्या वाळूवरूनच सुटतात. तेथे त्या दिवशीच्या लाटा पाहूनच निर्णय घ्यावा.

वेळ निवडताना शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवावेत. हिवाळ्यात पहाटे व सकाळी जमिनीवरून वाहणारे मतलई वारे मंद असतात आणि पाणी बहुधा शांत राहते. दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे जोर धरतात आणि पाणी खवळते. सकाळची फेरी महाग पडली तरी तीच घ्यावी. भरती-ओहोटीसाठी कोकणात तिथीच्या पाऊणपटीचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. हा हिशेब ढोबळ आहे आणि गोव्यात त्यात फरक पडतो, त्यामुळे नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते व प्रवाह जोरात वाहतात. मांडवीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला, तर लाटा आखूड, उंच आणि उभ्या होतात. ग्रँड आयलंडला जाणाऱ्या बोटींपैकी ज्या मांडवीतून निघतात त्यांना मुखाशी असलेला हाच आग्वादचा पट्टा ओलांडावा लागतो. पावसाळ्यात तर हे मुख जहाजांसाठीही बंद पडते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जे ट्रॉलर आयुष्यभर समुद्रावर गेले तेही धक्क्याला बांधलेले असतात. तेव्हा कोणी स्वस्तात फेरी मारून आणतो म्हणाला, तर त्याला सरळ नकार द्यावा.

आता धक्क्यावरच्या तपासणीविषयी. बोटीवर बंदर कप्तान खात्याचा नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिलेली आहे का, हे पाहावे आणि आत बसलेली माणसे स्वतः मोजावीत, कडेवरच्या मुलांसकट. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या बोटीला ८४ प्रवासी नेण्याची परवानगी होती आणि तीवर शंभराहून अधिक लोक होते. धडक हे तिथे मुख्य कारण होते खरे. परंतु माणसे अधिक असली की जॅकेटे कमी पडतात, बाहेर पडायला वाट उरत नाही आणि वाचवायला आलेल्यांनाही किती जण शोधायचे ते कळत नाही. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारण्यासारखे दोनच प्रश्न आहेत: सर्वांना पुरतील इतकी जॅकेटे कुठे आहेत, आणि इंजिन बंद पडले तर काय करणार? याचे उत्तर देताना जो चिडतो, त्याच्या बोटीत बसू नये. भाडे दिलेले असले, सगळे कुटुंब रांगेत उभे असले आणि मागचे लोक घाई करत असले, तरी धक्क्यावरून परत फिरणे शक्य असते. आत बसल्यावर ते हातात राहत नाही.

लाइफ जॅकेटविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या स्वतःच्या घरात ही चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही गोव्यातल्या नेरुळहून डॉल्फिन पाहायला निघालो, तेव्हा सात वर्षांच्या भाचीला मोठ्या माणसाचे जॅकेट मिळाले आणि आम्ही ते हसत हसत तिला घातले. परतल्यावर धक्क्याशेजारच्या उथळ पाण्यात ती पाय घसरून पडली. जॅकेट तिच्या कानांपर्यंत वर सरकले आणि ती मात्र त्याच्या आत खाली घसरली. मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो म्हणून दोन सेकंदांत तिला उचलले. तेव्हापासून मी प्रत्येक जॅकेट अशा रीतीने तपासतो: वजनानुसार योग्य मापाचे घ्यायचे, सर्व चिमटे लावायचे, पट्टे ओढून घट्ट करायचे आणि मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायचे. ते हनुवटीच्या वर गेले, तर ते माप चुकीचे आहे. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. फाटलेले, आतील फोम दबून पातळ झालेले किंवा चिमटा तुटलेले जॅकेट बदलून मागावे. जॅकेट बोटीत बसण्यापूर्वीच घालावे. पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणे चांगल्या पोहणाऱ्यालाही जमेलच असे नाही.

बोट सुरू झाल्यावरचा सर्वांत मोठा धोका आनंदाच्या क्षणी येतो. डॉल्फिन दिसला की सगळे एकदम उभे राहतात आणि एकाच बाजूला धावतात. उभे राहिल्याने बोटीतील वजन वर सरकते, कडेला गेल्याने ते एका बाजूला जाते; अशा वेळी आलेली मध्यम लाटसुद्धा बोट कलंडवू शकते, आणि तळाशी पाणी साचलेले असेल तर तेही त्याच बाजूला धावून कल वाढवते. बसूनच पाहावे, डॉल्फिन पुन्हा वर येतो. छप्पर असलेल्या बोटीत कडेजवळची जागा घ्यावी, कारण बोट उलटल्यास जॅकेट माणसाला वर ढकलते आणि तो आत अडकू शकतो. बाहेर पडण्याची वाट निघतानाच पाहून ठेवावी. मद्य घेऊन बोटीत बसू नये आणि तांडेलाने घेतल्याचा वास आला, तर उतरावे. जेट-स्की चालवताना इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला जोडावी, म्हणजे चालवणारा पडला की इंजिन थांबते.

बोट उलटलीच, तर तिला धरून राहावे. किनारा कितीही जवळ दिसला तरी प्रवाहाविरुद्ध पोहत निघू नये. उलटलेली बोट बहुधा तरंगते आणि शोधणाऱ्यांना पाण्यातील एका डोक्यापेक्षा ती लवकर दिसते. मुलांना मध्ये घेऊन एकमेकांचे जॅकेट धरावे. एखादा प्रवासी पाण्यात पडला, तर मोठ्याने ओरडावे, एकाने त्याच्याकडे हात दाखवत त्याच्यावरची नजर अजिबात हटवू नये, आणि तरंगणारे कडे, रिकामा कॅन, दोरी, जे हाती लागेल ते त्याच्याकडे फेकावे. त्याच्यामागे उडी मारू नये. त्याला वर घेताना इंजिन बंद असलेच पाहिजे. पंख्याच्या पात्यांनी होणाऱ्या जखमा भयंकर असतात.

तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ मोबाइलमध्ये आधीच साठवावेत, मोबाइल पाणीरोधक पिशवीत ठेवावा. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल, तर वाहिनी १६ वर ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा उच्चारून बोटीचे नाव, ठिकाण आणि माणसांची संख्या सांगावी.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबणे किंवा उलटे टांगणे ही आपल्याकडची जुनी पद्धत घातक आहे; त्याने पोटातील पाणी घशातून फुप्फुसात जाऊ शकते. त्याला पाठीवर झोपवावे. श्वास चालत नसेल, तर डोके मागे करून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत करावे. श्वास चालू पण शुद्ध नसेल, तर कुशीवर वळवावे. १०८ला फोन करावा. शुद्धीवर आलेला आणि ‘बरा आहे’ म्हणणारा माणूसही खोकत असेल, तर त्याला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. फुप्फुसांची सूज काही तासांनी वाढू शकते.

निघण्यापूर्वी एक चिठ्ठी किंवा संदेश किनाऱ्यावर राहणाऱ्या एखाद्या माणसाकडे द्यावा: बोटीचा क्रमांक, कुठे जात आहोत, किती जण आहोत, किती वाजता परतणार. ठरलेल्या वेळेनंतर तासभर झाला आणि फोन लागत नसला, तर त्याने १५५४ वर कळवावे. आपण दुसऱ्याच बोटीतून सुखरूप परतलो असलो, तर तेही ताबडतोब त्याला सांगावे, म्हणजे अंधारात कोणी आपल्याला शोधत राहणार नाही.