घरच्या स्टुडिओसाठी ध्वनिशोषक पॅनल: बनवायचे कसे, टांगायचे कुठे

काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणारा पुरुष गायक बारा फूट लांबीच्या खोलीत मधोमध बसून मंद्र सप्तकात उतरू लागला, की मध्यमावर आवाज एकाएकी फुगतो. पंचमावर फुगत नाही, गांधारावरही नाही. गळ्यात काहीच बदललेलं नसतं. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्यामुळे समोरासमोरच्या त्या दोन भिंतींमध्ये ९४ हर्ट्झच्या आसपासची लाट नेमकी मावते, आणि काळी एकचा मंद्र मध्यम आहे सुमारे ९२ हर्ट्झचा. म्हणजे तो स्वर आला की खोलीच गाऊ लागते.

माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत हे व्हायचं तेव्हा मी एक इंच जाडीचा, खाचाखाचांचा फोम आणून एक पूर्ण भिंत मढवली होती. मध्यम तसाच फुगत राहिला. उलट तानपुऱ्याची जवारी आणि शब्दांतले ‘स’, ‘श’ मात्र मेले. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो, खालचा तसाच सोडतो. म्हणून पॅनलची संख्या, रंग, आकार या सगळ्याच्या आधी त्याची जाडी ठरवा. चार इंच जाड आणि भिंतीपासून दोन इंच सुटे असे मोजके पॅनल योग्य जागी लागले, तर ते भिंतभर फोमपेक्षा कितीतरी चांगलं काम करतात. अंड्यांच्या ट्रेचा तर विचारही नको. पुठ्ठ्यात आवाज जिरत नाही, आणि आगीचा धोका वाढतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. हे पॅनल बाहेरचा आवाज थांबवत नाहीत. शेजारचा मिक्सर, रिक्षाचा हॉर्न, वरच्या मजल्यावरची पावलं हे सगळं पूर्वीसारखंच ऐकू येणार, आणि तुमचा तबलाही शेजारी जाणारच. त्यासाठी जड भिंती आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं हे वेगळं काम आहे. पॅनल करतो ते इतकंच, की खोलीत निर्माण झालेला आवाज भिंतीवर आपटून परत माइककडे येतो, तो वाटेत जिरवतो.

किती लागतील?

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह इतकं घुमायचं, की वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जायचे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, कमी-जास्त संख्येने मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचं. उत्तर येतं सेकंदांत.

दहा बाय बारा फूट आणि साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे जवळपास ३२.३ घनमीटर. फरशी, गिलावा आणि थोडंफार सामान मिळून शोषण ४ चौरस मीटर (म्हणजे आवाज पूर्ण जिरवणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं) धरलं, तर आवाज विरायला १.३ सेकंद लागतात. बोलणं किंवा गाणं रेकॉर्ड करायला हे फार झालं. चार बाय दोन फुटांचे, म्हणजे १२०० बाय ६०० मि.मी.चे आठ जाड पॅनल लावले की साधारण ५.७६ चौरस मीटरची भर पडते आणि वेळ ०.५३ सेकंदांवर येतो. गादी, पडदा, कपड्यांचं उघडं कपाट असेल तर आणखी कमी. लहान खोलीत ०.३ ते ०.५ सेकंद पुरे. त्याहून खाली नेऊ नका. अगदी मुक्या खोलीत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत येत नाही, मग तो उगाच जोर लावतो आणि सूर वर चढतो.

तेव्हा आठ पॅनल. दोन बाजूच्या भिंतींवर एकेक, पाठीमागच्या भिंतीवर दोन, आणि दोन कोपऱ्यांत एकावर एक असे चार.

साहित्य

पोटात भरायला रॉकवूलचे स्लॅब घ्या. घनता ४८ किंवा ६४ किलो प्रति घनमीटर, जाडी ५० मि.मी. दोन स्लॅब एकावर एक ठेवले की चार इंच होतात. हा माल कारखान्यांतल्या आणि एसीच्या इन्सुलेशनसाठी विकला जातो, त्यामुळे संगीताच्या दुकानात न शोधता इन्सुलेशनच्या व्यापाऱ्याकडे जा. मागताना ‘फॉइल नको’ असं स्पष्ट सांगा. एका बाजूला चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद लावलेला माल सर्रास येतो, आणि त्या कागदावरून वरच्या पट्टीतला आवाज परत फिरतो.

रॉकवूल म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस ही भीती बाळगू नका, दोन्ही पूर्ण वेगळे पदार्थ आहेत. रॉकवूल दगड वितळवून काढलेल्या धाग्यांचं असतं आणि ते स्वतः पेट घेत नाही. मात्र धागे अंगाला खाजतात आणि घशात जातात. म्हणून एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे हवेतच. कापाकापी गच्चीत किंवा मोकळ्या बाल्कनीत करा, लहान मुलांना लांब ठेवा, नंतर ते कपडे वेगळे धुवा.

चौकटीला पाइनच्या पट्ट्या: पाऊण इंच जाड, चार इंच रुंद. लाकूड वखारीतून घ्या. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हव्या त्या मापाने कापून मिळतात. ‘रंधा मारून झाल्यावर १०० मि.मी. रुंदी उरली पाहिजे’ हे आधीच सांगा. नाहीतर ९० मि.मी.ची पट्टी हातात पडते आणि रॉकवूल मागून बाहेर येतं.

कापडासाठी माझी पसंती मांजरपाटाला. खादीही चालते, तागाचं कापडही. परीक्षा एकच: कापड तोंडाला लावून फुंकर मारा. वारा सहज पलीकडे गेला तर आवाजही जाईल. रेक्झिन, सोफ्याचं लॅमिनेट केलेलं कापड, जाड सॅटिन यांच्या वाटेला जाऊ नका. मांजरपाट आणल्यावर गरम पाण्यात धुऊन वाळवा, कारण त्याला खळ असते. तिने छिद्रं बुजलेली असतात आणि कापड नंतर आटतंही. धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा तुकडा फुंकून पाहा, फरक लगेच कळेल.

याशिवाय: धागे अडवायला पातळ नॉन-वोव्हन कापड, फेव्हिकॉल, दोन इंची स्क्रू, स्टेपल गन, तंगूस (नायलॉनची दोरी), गुण्या (काटकोन तपासायचं साधन).

चौकट

एका पॅनलला १२३८ मि.मी.च्या दोन आणि ६०० मि.मी.च्या दोन पट्ट्या. आखूड पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मध्ये बसवायच्या, म्हणजे आतली जागा बरोबर १२०० बाय ६०० राहते. स्क्रूच्या जागी आधी बारीक ड्रिलने भोक पाडा. पाइनच्या टोकाला सरळ स्क्रू पिळला की लाकूड चिरतं. सांध्याला फेव्हिकॉल, वर दोन स्क्रू, आणि गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे १३९३ मि.मी.च्या आसपास आले पाहिजेत. एक मोठा असेल तर त्या दोन कोपऱ्यांना आत दाबून चौकट काटकोनात आणा. नुसत्या गुण्यावर विसंबू नका. लांब पट्टीला जरा बाक असला तरी गुण्या ‘बरोबर’ दाखवतो आणि चौकट मात्र तिरकी राहते.

रात्रभर वाळू द्या.

भरणं आणि मढवणं

पाठीमागून तंगूस आडवा-उभा ताणून चार-पाच फेऱ्यांत जाळी करा. मागे प्लायवूड ठोकायचा मोह होतो, कारण पॅनल भक्कम वाटतो. पण प्लाय मारलात की मागच्या पोकळीचा उपयोग संपला. आवाजाने रॉकवूलमधून पार जाऊन भिंतीवर आपटावं आणि परतीच्या वाटेवर पुन्हा रॉकवूलमध्ये शिरावं, यासाठीच ती पोकळी ठेवायची असते. हवेच्या कणांची हालचाल अगदी भिंतीलगत जवळपास शून्य असते आणि भिंतीपासून लांब गेलं की वाढते. शोषण होतं ते या हालचालीचं, धाग्यांत घासून. दोन इंचांची पोकळी म्हणजे फुकटची जाडी.

जाळीच्या आतून नॉन-वोव्हन कापड अंथरा, त्यावर दोन्ही स्लॅब घट्ट बसवा, दाबून चेपू मात्र नका. वरून पुन्हा नॉन-वोव्हनचा थर आणि मग मांजरपाट. कापडाचा तुकडा १६०० बाय १००० मि.मी.चा लागतो, त्यामुळे ४४ इंची पन्हा पुरतो. पॅनल पालथा ठेवून आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल मारा, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जा. ताण समोरासमोरच्या बाजूंना सारखा हवा. कोपऱ्याची घडी गादीच्या चादरीसारखी घाला, उरलेलं कापड कापून टाका.

तयार पॅनल साधारण सात किलोंचा होतो. डोक्यावर सात किलो टांगायचे आहेत, म्हणून पुढचा भाग घाईत करू नका.

जागा ठरवणं

स्पीकरवर मिक्सिंग करत असाल तर नेहमीच्या खुर्चीत बसा. दुसऱ्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा धरून हळूहळू सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथूनच त्याचा आवाज भिंतीवर आपटून तुमच्या कानात येतो. पॅनलचा मध्य त्या खुणेवर.

उंचीचं मात्र नीट पाहा. परदेशी मार्गदर्शक खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा कान धरतात, जमिनीपासून सुमारे चार फूट. आपण हार्मोनियम घेऊन मांडी घालून बसतो तेव्हा कान आणि माइक अडीच फुटांच्या आसपास असतात. बैठकीवर रेकॉर्ड करणार असाल तर पॅनल तेवढे खाली आणा. चार फुटांवर लावलेला आडवा पॅनल बैठकीतल्या गायकाच्या डोक्यावरून जातो.

टांगणं

मला सर्वांत पटलेली पद्धत म्हणजे तिरक्या पट्ट्यांची जोडी. पाऊण इंच जाड आणि तीन इंच रुंद पट्टी वखारीतच ४५ अंशांत उभी चिरून घ्या. एक अर्धी भिंतीवर, तिची तिरकी कड वर आणि उतार भिंतीकडे. दुसरी अर्धी उलटी करून पॅनलच्या पाठीला, वरच्या बाजूला. पॅनल वरून खाली सरकवला की तो खाचेत अडकतो आणि स्वतःच्या वजनाने भिंतीकडे ओढला जातो. उचलला की निघतो, रंगाच्या वेळी फार सोय होते.

दोन इंचांची पोकळी मिळवायला भिंतीवरच्या पट्टीखाली ३० मि.मी. जाडीचे लाकडी ठोकळे घाला आणि चार इंची स्क्रू वापरा. पॅनलच्या खालच्या बाजूलाही पाठीमागे ५० मि.मी.चे दोन ठोकळे चिकटवा, नाहीतर तो खालून भिंतीकडे झुकतो.

भिंत कशाची आहे ते ड्रिलमधून पडणाऱ्या भुकटीवरून ओळखा. लाल म्हणजे वीट, करडी आणि ड्रिल नेटाने चालवावं लागलं तर काँक्रीट, पांढरट आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स म्हणून ओळखले जाणारे हलके ब्लॉक. वीट आणि काँक्रीटला नेहमीची गिट्टी (भोकात स्क्रू पकडून ठेवणारा प्लग) पुरते. हलक्या ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि त्यासाठीची लांब गिट्टी घ्या. साधी गिट्टी तिथे फिरत राहते. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा त्याच्या रेषेत आडवं ड्रिल कधीही मारू नका, आतून वायरिंगचे पाइप गेलेले असतात.

भाड्याच्या घरात भोकं चालत नसतील तर पॅनलला दोन्ही बाजूंनी आडवे पाय लावून तो घडवंचीसारखा उभा करा. भिंतीपासून चार-सहा इंच दूर ठेवता येतो, म्हणजे पोकळी आणखी वाढली.

कोपऱ्यातले पॅनल उभे, कोपऱ्याला तिरके लावायचे. ६०० मि.मी. रुंदीचा पॅनल ४५ अंशांत बसला की त्याच्या मध्यामागे जवळपास फूटभर पोकळी मिळते, आणि खालच्या स्वरांचा दाब कोपऱ्यांतच साठतो. मध्यमाशी झगडायचं असेल तर हेच चार पॅनल आधी बनवा. लाट ३.६६ मीटरची आहे. चार इंचांत ती पूर्ण जिरणार नाही, पण तिचा तोरा उतरतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात पोकळीत हवा खेळती राहील असं पाहा. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर पॅनल लावूच नका. रॉकवूल कुजत नाही, पण सुती कापडाला आणि लाकडाला बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीनदा पॅनल खाली उतरवून पाठ बघा.

तपासणी

पॅनल लावायच्या आधीच एक रेकॉर्डिंग करून ठेवा: माइक त्याच जागी, आवाजाची पातळी तीच, एक टाळी, दोन वाक्यं, आणि मंद्र पंचमापासून मध्यमावरून गांधारापर्यंत संथ मींड. नंतर तेच पुन्हा. मोजमाप हवं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. टाळीनंतरची टर्र गेली असेल तर बाजूच्या भिंती झाल्या. मध्यम अजून फुगत असेल तर आधी गायकाला खोलीच्या बरोबर मध्यावरून उठवून लांबीच्या दिशेने एका भिंतीपासून तीन फुटांवर बसवा, तिथे या लाटेचा जोर सर्वांत कमी असतो. तरीही उरला तर पुढचा पॅनल तिसऱ्या कोपऱ्यात लावा, भिंतीवर नको.