खडा आधी घ्यावा, बसवावा शेवटी: ओतीव चांदीच्या पहिल्या अंगठीची तयारी

पहिली अंगठी स्वतः ओतायची ठरवली असेल, तर चांदीच्या आधी खडा घ्या. अंगठीचा माथा किती रुंद हवा, कोंदण किती उंच हवं, हे सगळं खडाच ठरवतो. अंगठी ओतून मग तिच्या मापाचा खडा शोधत फिरणं फार जिवावर येतं.

पैलूदार खडा सध्या नको. खालून सपाट, वरून गुळगुळीत घुमटाकार असा गोल अकीक घ्या, साधारण १० मिलिमीटरचा. मोहस या १ ते १० च्या मापावर त्याचा कठीणपणा ७ च्या आसपास असतो, त्यामुळे दाबताना हत्यार निसटलं तरी सहसा ओरखडा उठत नाही. खंभातला घासून तयार केलेला अकीक परवडतोही. मोती, ओपल, फिरोजा हात बसल्यावर घ्या. पाचू कठीण खरा, पण त्याच्या पोटात बहुतेक वेळा चिरा असतात. नवख्या हाताच्या दाबाला तो तडकू शकतो. अजिंठ्याला विकायला असतात ते चमकदार स्फटिक पाहून मोह होतो. त्यातला ॲपोफिलाइट जेमतेम ४.५ ते ५ कठीण आणि थरांनी सुटणारा. तो कपाटात ठेवावा, बोटात नाही. घेतलेला खडा काचेवर पालथा न घालता ठेवून बघा. डुगडुगला तर बदलून आणा.

साच्यासाठी माझी पसंती समुद्रफेनाला आहे. हे माकुलाचं हाड काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, कोकणच्या किनाऱ्यावर वाहूनही येतं. जाड, न तडकलेलं निवडा, दोन तुकडे करा आणि सँडपेपरवर घासून दोन्ही तोंडं अशी सपाट करा की जोडल्यावर फटीतून उजेड दिसू नये. नमुना म्हणून सपाट माथ्याची साधी जुनी अंगठी दोन्ही तुकड्यांमध्ये दाबा. नक्षी किंवा खोबणी असलेली नको, काढताना साचा मोडेल. वर नरसाळ्यासारखं तोंड कोरा, हवा निघायला बारीक रेघा ओढा आणि तुकडे तारेने घट्ट बांधा. साचा अगदी कोरडा हवा. किनाऱ्यावरून आणलेलं हाड नीट धुऊन बरेच दिवस उन्हात वाळवा. पावसाळ्यात आणलं असेल तर घाई करूच नका. आत ओल राहिली तर वितळलेल्या चांदीखाली तिची वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. एवढ्या एका कारणासाठी मी ओतायचा दिवससुद्धा पुढे ढकलायला सांगेन.

आता चांदी. ९२.५ टक्क्यांचे दाणे घ्या. घरातल्या जुन्या पैंजणांची मोड पहिल्यांदा वापरू नका. त्यात किती आणि कसला डाक (सांधे जोडायचा, लवकर वितळणारा धातू) आहे ते कळत नाही, आणि डाकात कॅडमियम असेल तर तो धूर फुप्फुसांना घातक असतो. नवा डाकही कॅडमियम नसलेलाच मागून घ्या. वजन काढायला नमुन्याची अंगठी अरुंद मापनळीत पाण्यात बुडवा. पाणी जितके मिलिलिटर चढेल, तितके गुणिले १०.४ ग्रॅम चांदी, आणि नरसाळ्यासाठी वर निम्मी भर.

ही चांदी साधारण ८९३ अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते. नव्या मुशीला, म्हणजे चांदी वितळवायच्या भांड्याला, आधी तापवून सवागी (बोरॅक्स) भुरभुरा, आत काचेसारखा थर बसू द्या. मूस, सांडशी, टॉर्च, वाळूच्या तसराळ्यात उभा केलेला साचा, सगळं एका हाताच्या अंतरावर मांडा आणि गॅस न पेटवता ओतण्याची एक रंगीत तालीम करा. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बंद बूट, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या, शेजारी वाळूची बादली. खाली ॲस्बेस्टॉसचा पत्रा घालू नका, भट्टीच्या विटा घाला. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं; हळद, टूथपेस्ट काही नको. साच्यातून जळक्या केसांसारखा वास येईल, तो हाडाचाच. आणि हा साचा एकदाच चालतो, म्हणून दोन तयार ठेवा.

कोंदणाला मात्र शुद्ध, ९९९ ची पट्टी लागते, साधारण ०.३ मिलिमीटर जाड. ती मऊ असल्यामुळे खड्यावर वळते आणि वळलेलीच राहते. लांबी अशी काढा: खड्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. म्हणजे १० मिलिमीटरला ३२.३. उंची घुमट आत वळायला लागतो त्याच्या किंचित वर. पट्टीचा सांधा उशिरा वितळणाऱ्या डाकाने, आणि ती माथ्यावर बसवताना लवकर वितळणारा, नाहीतर दुसऱ्या आचेला पहिला सांधा सुटतो. काळपट थर काढायला कोमट पाण्यात लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) पुरतं, पण त्यात लोखंडी चिमटा घालू नका, चांदीवर तांब्याचा लालसर थर चढतो. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा घ्या. कानस, सँडपेपर नेहमीचेच.

खडा बसतो का हे बघताना त्याखाली डेंटल फ्लॉसचा दोरा आडवा ठेवा, म्हणजे अडकला तरी ओढून काढता येतो. आच आणि आंबट पाणी दोन्ही कायमची संपल्यावरच खडा आत घाला. मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने दाबा. एकाच बाजूने गोल फिरत गेलात तर शेवटी पट्टीला सुरकुती पडते. कडेवर ओपणी, म्हणजे घासून चकाकी आणायचं गुळगुळीत हत्यार, फिरवा आणि कापसाचा धागा ओढून बघा. जिथे अडकेल तिथे कड अजून उघडी आहे, तेवढीच पुन्हा दाबा.