मुरघासाचा मका: तोडणी यंत्रापासून गव्हाणीपर्यंत

आमच्या गोठ्यात 20 दुभत्या गायी आहेत. प्रवरा नदीच्या पट्ट्यात आता दारोदार मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) झाला आहे, तरी दर हंगामाला कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "ताई, कुठलं मशीन घेऊ?" मी आधी उलट विचारते, खड्डा किती रुंद आहे आणि रोज किती जनावरांना घालणार? मशीन नुसती कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे बारीक तुकडे करतं. तिचा मुरघास होतो तो हवा बाहेर राहिली तर. म्हणून तोडताना, दाबताना आणि काढताना ट्रॅक्टरचं अवजार हवा बाहेर ठेवतंय की आत घेतंय, हे मी सगळ्यात आधी बघते.

आधी मका. कणीस मधोमध मोडा. दाण्याचं पिवळं कडक टोक आणि खालचा दुधाळ भाग यांच्यात एक रेघ दिसते. ती रेघ दाण्याच्या मध्यापर्यंत उतरली की तोडणीची तयारी करा. मग दोन-चार धांडे कापून त्यांची कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर झाला, तर ओल बरोबर. पाणी बोटांतून गळलं तर चार-पाच दिवस थांबा. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झालाय, त्याच दिवशी यंत्र लावा आणि कुट्टी आणखी बारीक करा.

आमचं तोडणी यंत्र एका ओळीचं आहे, 50 एचपीच्या ट्रॅक्टरवर पीटीओने, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टने चालतं. ते ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला लागतं, त्यामुळे पहिल्या फेरीला ट्रॅक्टर उभ्या पिकात घालावा लागतो. ते टाळायला बांधाकडच्या मक्याच्या दोन-तीन ओळी आणि दोन्ही टोकांना वळण्यापुरती जागा आदल्या दिवशी विळ्याने मोकळी करा. ते धांडे वाया जात नाहीत, त्याच दिवशी हिरवे घालता येतात.

यंत्रात चकतीवर पाती असतात आणि समोर एक स्थिर पट्टी. कात्रीची दोन पाती जशी एकमेकांना लागून चालतात, तसंच हे काम. दोन्हींत फट वाढली की धांडा कापला न जाता चिरडतो, सालीचे लांब तंतू येतात. असली कुट्टी कितीही दाबा, स्प्रिंगसारखी वर येते आणि मध्ये हवा राहते. म्हणून रोज सकाळी धार लावा, आणि धार लावल्यावर पट्टी पुन्हा जवळ घ्या. आमच्या यंत्रात पोस्टकार्ड अडकत सरकेल एवढी फट मी ठेवते. तुमच्या यंत्राच्या पुस्तकात दिलंय ते धरा. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची हवी.

चालवताना पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर स्थिर ठेवा आणि वेग गिअरने कमी-जास्त करा. अॅक्सिलरेटर सोडला की चकती मंदावते, कुट्टी नळीत बसते आणि यंत्र चोंदतं. दगड किंवा जाड गाठ आली की शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो. त्याच्या जागी हाताला येईल तो कडक बोल्ट टाकू नका, पुढच्या वेळी गिअरबॉक्स जाईल. त्याच मापाचे दहा बोल्ट डब्यात ठेवा.

चोंदलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि चकती पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. ती जड असते, बंद केल्यावरही बराच वेळ फिरते. आमच्या जुन्या शाफ्टला कव्हर नव्हतं तेव्हा भाऊजींच्या खांद्यावरचा टॉवेल त्याने क्षणात गुंडाळून नेला. त्या दिवसापासून कव्हराशिवाय शाफ्ट जोडायचा नाही, आणि मी यंत्राजवळ ओढणी घेऊन जात नाही.

शेतात तारेचे तुकडे, खिळे राहिले असतील तर आधी वेचा. यंत्र त्यांचेही तुकडे करतं, ते गाईच्या पोटात जाऊन जाळीत (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात) रुततात.

खड्ड्याचं माप आता. आमचा बांधीव खड्डा 10 फूट रुंद, ढीग 5 फूट उंच, म्हणजे समोरचं तोंड 50 चौरस फूट. नीट दाबलेला मुरघास एका घनफुटाला साधारण 17 किलो भरतो. 20 गायींना 20 किलोप्रमाणे रोज 400 किलो लागतो, म्हणजे तोंडावरून रोज साधारण अर्धा फूट सरकतं. यापेक्षा हळू सरकलं तर उघड्या तोंडावर बुरशी आपल्या आधी पोहोचते. गायी दहाच असतील तर खड्डा रुंद बांधू नका, बॅगा भरा.

ट्रॉली रिकामी केली की ट्रॅक्टरमागच्या फळीने कुट्टी अर्धा-अर्धा फुटाचे थर देऊन पसरा आणि दुसऱ्या जड ट्रॅक्टरने सावकाश तुडवा. बाहेरून येणाऱ्या चाकांचा चिखल आधी धुवा, मातीबरोबर सडवणारे जिवाणू जातात. एक-दोन दिवसांत खड्डा भरून, प्लास्टिकचा कागद ओढून, वर जुने टायर एकमेकांना चिकटवून ठेवा. 45 दिवस उघडू नका.

काढणीतच आम्ही पहिल्या वर्षी मार खाल्ला. नवा फ्रंट लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे लागणारी उचलती बादली, आला होता. बादली ढिगाच्या पायथ्याशी घुसवायची आणि वर उचलायची, काम झटपट व्हायचं. पण दर उचलीला आतला दोन-अडीच फूट भाग हलून सैल व्हायचा. चौथ्या दिवशी मी तोंडात हात घातला तर कोपरापर्यंत गरम लागलं. आंबूस वास जाऊन कुबट वास येत होता. गायींनी गव्हाणीत तोंड घालून मागे घेतलं. जवळपास दीड ट्रॉली उकिरड्यावर टाकली. एवढ्या घामाचा चारा टाकताना जीव तुटला.

आता बादलीची धार वरून खाली, भिंतीला रंधा मारावा तशी ओढतो. सुटलेला मुरघास खाली पडतो, मग तो जमिनीलगत बादलीत भरायचा. तोंड सरळ आणि घट्ट राहतं. खाली पोकळ आणि वर छज्जा झालाय अशा ढिगाजवळ उभं राहू नका, तो न सांगता कोसळतो. मोठ्या गोठ्यांसाठी सुरीने चौकोनी ठोकळा कापून उचलणारा ब्लॉक कटर मिळतो. त्याने तोंड फार स्वच्छ राहतं, पण 20 गायींना तो खर्च मला पटत नाही.

लोडर असेल तर ट्रॅक्टरच्या मागे, अवजार जोडायच्या तीन पॉइंटला वजन लावाच, नाहीतर भरल्या बादलीने मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक धरत नाही. चालताना बादली गुडघ्याच्या उंचीला.

आणि आठवड्यातून एकदा थोडं शेण चाळणीत धुऊन बघा. अख्खे दाणे खूप दिसले तर यंत्रात दाणा फुटला नाही. पुढच्या तोडणीला पट्टी जवळ घ्या, कुट्टी थोडी आखूड करा. मी हे गोठ्याच्या दारामागे खडूने तारीख घालून लिहून ठेवते.