सायकोपीजी २ अनेक सर्व्हरवर टाकताना लिबपीक्यूचा घोळ कसा टाळायचा

पायथनमधून पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारा सायकोपीजी २ हा ड्रायव्हर सीमध्ये लिहिलेला आहे, पण कनेक्शनचं खरं काम त्याच्याखालची लिबपीक्यू ही पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी करते आणि तिचं व्हर्जन प्रत्येक सर्व्हरवर वेगळं असतं. सेंटओएस ७ वर ९.२, उबंटू २०.०४ वर १२, २२.०४ वर १४. फाईलचं नाव मात्र सगळीकडे एकच, लिबपीक्यू डॉट एसओ डॉट ५. त्यामुळे लोडर (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी शोधून जोडणारा लिनक्सचा भाग) काही तक्रार करत नाही, जी आधी सापडेल ती उचलतो.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "बायनरीवालं (आधीच कंपाइल केलेलं) पॅकेज टाक की, कंपाइल कशाला करतोस". स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल टाका, प्रॉडक्शनवर नको. त्यात लिबपीक्यूसोबत वेगळी ओपनएसएसएल (एनक्रिप्शनची लायब्ररी) येते, पायथनचं एसएसएल मॉड्यूल सिस्टिमची वापरत असतं, दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये आल्या की लोडखाली प्रोसेस मरू शकते. सायकोपीजीच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हेच लिहिलंय, पण ते वाचतं कोण.

१. प्रत्येक ओएस आणि प्रत्येक पायथन व्हर्जनसाठी वेगळं बिल्ड करा. उबंटूवर बनवलेली फाईल सेंटओएस ७ वर नेली तर तिथल्या जुन्या जीलिबसी २.१७ वर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) अडकेल. वाद घालण्यात अर्थ नाही, तीन बिल्ड म्हणजे तीन बिल्ड.

२. लिबपीक्यू मात्र सगळीकडे एकाच व्हर्जनची ठेवा. मी १५ चा सोर्स घेऊन ऑप्टखाली वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, कॉन्फिगर करताना फक्त ओपनएसएसएल चालू, एलडॅप-कर्बेरॉस वगैरे लॉगिनचे जोड काही नाही. ओपनएसएसएल सिस्टिमचीच वापरायची, सोबत न्यायची नाही.

३. सायकोपीजी बिल्ड करताना आपली पीजी-कॉन्फिग (लिबपीक्यू कुठे आहे ते बिल्डला सांगणारी कमांड) पाथमध्ये सगळ्यात पुढे आणा, नाहीतर हेडर, म्हणजे कंपाइल करताना लागणाऱ्या फाईली, जुन्या व्हर्जनचे लागतात आणि कोणी सांगायलाही येत नाही.

४. रन होताना कुठली लिबपीक्यू उचलली जाते ते पक्कं करणं. मी सगळ्यात जास्त मार इथेच खाल्लाय, त्यामुळे हे नीट वाचा.

आमच्याकडे सहा सर्व्हर होते आणि डेटाबेस पोस्टग्रेस १४ वर गेला. अपग्रेडच्या दिवशी काहीच बिघडलं नाही, कारण जुने पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीतच साठवलेले होते. काही आठवड्यांनी पासवर्ड बदलले, आणि १४ पासून नवीन पासवर्ड डीफॉल्टने स्क्रॅम या नव्या पद्धतीत साठवला जातो, तसा तो साठवला गेला. उघडी कनेक्शन चालू राहिली, नवीन मात्र दोन सर्व्हरवर पडायला लागली, "ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड". हा १० म्हणजे पोस्टग्रेसचं व्हर्जन नाही, प्रोटोकॉलमधला कोड आहे, तरी स्क्रॅम कळायला लिबपीक्यू १० किंवा पुढचीच लागते हे खरंच. मी लॉगिन करून एलडीडी (फाईलला कुठल्या लायब्ररी लागतील ते दाखवणारी कमांड) चालवलं तर समोर नवी लिबपीक्यू दिसतेय! रात्रभर मी पासवर्ड आणि सर्व्हरचं कॉन्फिग तपासत बसलो. पहाटे कळलं की नवी लायब्ररी माझ्या बॅशआरसीमधल्या (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाईल) एलडी लायब्ररी पाथमुळे, म्हणजे लायब्ररी आधी कुठे शोधायची ते लोडरला सांगणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमुळे दिसत होती, सर्व्हिस सिस्टिमडी (लिनक्सचा सर्व्हिस मॅनेजर) चालू करतो आणि तो बॅशआरसी वाचतच नाही, त्यामुळे तिथे ९.२ लोड होत होती. बिल्ड जुन्या हेडरवर झालेलं म्हणून ९.२ बरोबरही इम्पोर्ट बिनबोभाट व्हायचं. उलट नव्यावर बिल्ड केलं असतं तर जुन्या लायब्ररीबरोबर इम्पोर्टलाच "अनडिफाइंड सिम्बॉल" आला असता आणि रात्र वाचली असती.

म्हणून एलडी लायब्ररी पाथवर डिप्लॉयमेंट उभं करू नका, कधीच नाही. सुडो तो काढून टाकतो, क्रॉनला तो माहीत नसतो, आणि कोणी ओरॅकलच्या क्लायंटसाठी तो सेट केला तर तुमचाही बदलतो. पाथ ड्रायव्हरच्या फाईलमध्येच कोरा, एलडीफ्लॅग्जमध्ये (लिंकरला द्यायच्या पर्यायांत) आरपाथ, म्हणजे लायब्ररीचा ठरलेला पाथ, देऊन.

आता यातही एक खाच आहे. तोच फ्लॅग देऊन सेंटओएस ७ वर फाईलमध्ये आरपाथ लिहिला जातो आणि उबंटूवर रनपाथ. दिसायला सारखे, पण आरपाथ एलडी लायब्ररी पाथच्या आधी बघितला जातो आणि रनपाथ नंतर, म्हणजे उबंटूवर भलताच कोणीतरी सेट केलेला पाथ तुमच्यावर मात करतो. लिंकरला डिसेबल-न्यू-डीटॅग्ज स्पष्ट सांगा आणि रीडएल्फ मायनस डी (फाईलमध्ये काय कोरलंय ते दाखवणारी कमांड) चालवून आरपाथ हाच शब्द दिसतोय ना ते डोळ्यांनी बघा, प्रत्येक बिल्डवर.

एवढं करूनही एक वाट उरते. त्याच प्रोसेसमध्ये दुसऱ्या कोणी याच नावाची लिबपीक्यू आधी लोड केली असेल तर लोडर तीच परत देतो, तुमचा आरपाथ बघतही नाही. नकाशांचं काम करणाऱ्यांना हे जीडॅल या नकाशांच्या लायब्ररीमुळे होतं, अपाची वापरणाऱ्यांना त्याच प्रोसेसमधल्या पीएचपीच्या पोस्टग्रेस मॉड्यूलमुळे. पायथनमध्ये सायकोपीजी सगळ्यात आधी इम्पोर्ट करून भागतं, पण ते नाजूक आहे, कोणीतरी इम्पोर्ट अक्षरक्रमाने लावतो आणि गेलं. शक्य असेल तर ती दुसरी लायब्ररी पण आपल्याच लिबपीक्यूवर बिल्ड करा, नाहीतर काम वेगळ्या प्रोसेसमध्ये न्या.

५. तपासणी चालू सर्व्हिसमध्ये करायची, शेलमध्ये नाही. प्रॉक फोल्डरखाली त्या पीआयडीची (प्रोसेसच्या नंबरची) मॅप्स फाईल असते, लोड झालेल्या लायब्ररींची यादी, तिच्यात लिबपीक्यू ग्रेप करा, जो पाथ दिसेल तोच खरा. शिवाय सायकोपीजी दोन आकडे देतो, बिल्डच्या वेळचं लिबपीक्यू व्हर्जन आणि आत्ता लोड झालेलं. १५.४ असेल तर १५०००४ दिसतं, सेंटओएसची जुनी असेल तर ९०२२४. मी दोन्ही आकडे सर्व्हिस सुरू होताना लॉगमध्ये टाकतो आणि ते जुळले नाहीत तर सर्व्हिस सुरूच होऊ देत नाही. टीममधल्या काहींना हे जाचक वाटलं होतं, मी काढलं नाही.

६. एका सर्व्हरवर टाका, नवीन कनेक्शन उघडून बघा (पूलमधलं, म्हणजे आधीच उघडून ठेवलेलं, जुनं चालतंय हा पुरावा नाही), मग बाकीचे.

ऑप्टमधली लिबपीक्यू सिस्टिमच्या अपडेटमध्ये येत नाही, तिची नवीन मायनर व्हर्जन आली की तीनही बिल्ड परत करायची. ओपनएसएसएल अपडेट होते, पण सर्व्हिस रीस्टार्ट करेपर्यंत प्रोसेस जुनीच धरून बसते, मॅप्समध्ये तिच्या नावापुढे डिलीटेड असं दिसतं.