विहिरीतलं पोहणं नदीत पुरत नाही

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायच्या आधी, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. संत्री, कपाशी, तूर, आणि होळीच्या सुमारास गोटे उघडे पडणारी नदी. पोहायला मी मामाच्या विहिरीत शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. पुढे डबा सुटला, काठावरून सूर मारायला लागलो आणि आपल्याला पाणी येतं असा पक्का समज झाला. त्या भरवशावर बी.ए. संपल्यावर मी रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला गेलो, कुंडलिका नदीवर राफ्टिंग गाईडचं काम शिकायला, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीतून, राफ्टमधून, पाहुण्यांना वाहत्या नदीतून नेण्याचं. आई म्हणाली, "इथं प्यायले पानी नाही, अन् तू पान्यात नोकरी कराले चालला काय रे बाबू?"

आमचे उस्ताद नेपाळचे होते, सगळे त्यांना दाई म्हणत, नेपाळीत थोरला भाऊ. पहिल्याच सकाळी त्यांनी मला लाइफ जॅकेट घालून वाहत्या धारेत उडी मारायला लावली. विहिरीत पाणी जागचं हलत नाही, आपण हात मारू तिकडे जातो. इथे मी जीव तोडून काठाकडे हात मारत होतो आणि नदी मला तिच्या वाटेनं नेत होती. नाकातोंडात पाणी गेलं तसे मी पाय खाली सोडले, उभं राहायला. काठावरून दाई जिवाच्या आकांतानं ओरडले, "पाय वर!"

नव्यानं या कामात येणाऱ्यानं सगळ्यात आधी हे समजून घ्यावं. वाहत्या पाण्यात, गुडघ्याच्या वर खोली असेल तर, उभं राहायचं नाही. पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारा लोट माणसाला तोंडावर पाडून तसाच दाबून धरतो. कमरेएवढ्या पाण्यात माणसं जातात ती अशी. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आपल्या हिशेबात दहा क्विंटल. तुरीची दहा पोती एकामागून एक अंगावर येताहेत असं समजा. त्यात वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून पडलात तर पाठीवर आडवं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे आणि पाण्याच्या वर, दगड आला तर तो पायानं ढकलायचा, डोक्यानं नाही. हे वाक्य मी नंतर पाहुण्यांना शेकडो वेळा सांगितलं. दर वेळी दाईंचा तो आवाज कानात असायचा.

आता तुमचा कामाचा दिवस कसा असतो ते सांगतो, कारण जाहिरातीत फक्त फेसाळतं पाणी आणि हसरे चेहरे दिसतात. कोलाडला बहुतेक पाहुणे मुंबई-पुण्याचे, एका दिवसात राफ्टिंग आणि झिपलाइन (उंच बांधलेल्या तारेला लटकून पलीकडे घसरत जाणं) दोन्ही करून संध्याकाळी परत जाणारे. आधी राफ्टिंग, मग झिपलाइन. हा क्रम नदीच ठरवते. कुंडलिकेला पावसाळा संपल्यावरही पाणी असतं ते मुळशी धरणाचं. सेनापती बापटांनी ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह केला तेच हे धरण. तिथलं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, टर्बाइन फिरवून मग नदीत येतं. वीज तयार होते तेवढा वेळ नदी भरते, नंतर पुन्हा ओसरते. म्हणून सगळी धावपळ सकाळची. पाहुण्यांची बस घाटात अडकली तरी पाणी थांबत नाही. अशा वेळी मालक म्हणतो, "सूचना थोडक्यात आटप." तिथे आटपायचं नाही. नवीन मुलगा सगळ्यात आधी इथेच चुकतो.

त्या वीस मिनिटांच्या सूचनांवर सगळा दिवस उभा असतो. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते. एक तळहात कायम त्या मुठीवर हवा, नाहीतर पहिल्याच लाटेत ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. 'फॉरवर्ड', 'बॅक', 'स्टॉप', 'गेट डाऊन' हे हुकूम मी इंग्रजीतच ठेवतो, कारण शेजारच्या राफ्टचा गाईडही तेच ओरडतो. पण प्रत्येकाचा अर्थ मराठीत सांगून, जमिनीवर बसवून, एकदा करवून घेतो. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून झाले की खांद्याला धरून जॅकेट वर ओढून पाहायचं. ते कानापर्यंत आलं तर पाण्यात गळ्यातून निघून जाईल. आणि दोरी फेकली तर ती पकडून पाठीवर व्हायचं, खांद्यावरून घ्यायची, हाताला गुंडाळायची कधीच नाही.

सूचनांच्या आधी तब्येतीचा फॉर्म असतो. हृदयविकार, दमा, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गर्भारपण. बहुतेक लोक न वाचता सगळीकडे 'नाही' लिहून सही करतात. म्हणून मी तोंडी विचारतो, पण घोळक्यात नाही. सासू-सासऱ्यांसमोर नवी सून दिवस गेल्याचं सांगणार नाही आणि साहेबासमोर कर्मचारी फिट्सचं सांगणार नाही. बायकांना विचारायला आमच्याकडे एक ताई असायची. ती एकटीला बाजूला घेऊन बोलायची. आपल्या भागातल्या मुलींनी या कामात यावं असं मला मनापासून वाटतं, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

नदी वाचायला वेळ लागतो. वरून पाहताना पाण्यावर इंग्रजी व्ही उमटलेला दिसतो. त्याचं टोक खालच्या दिशेला असेल तर ती दोन दगडांमधली मोकळी वाट. टोक आपल्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड. दगडामागे पाणी उलटं वर येऊन शांत होतं, त्याला एडी म्हणतात. राफ्ट थांबवायची, मागच्यांची वाट पाहायची, दम खायचा तो तिथे. रॅपिड म्हणजे नदीतला खळाळत्या, जोराच्या पाण्याचा टप्पा; त्याची श्रेणी एक ते सहा अशी मोजतात. एक म्हणजे नुसती सळसळ, सहा म्हणजे जिथे उतरायचा विचारही करू नये. कुंडलिकेचा व्यावसायिक पट्टा दोन-तीनचा आहे, शिकायला चांगला. ऋषिकेशजवळची गंगा त्याहून मोठी. तिथला हंगाम साधारण सप्टेंबरअखेर सुरू होऊन जूनमध्ये संपतो, पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं. आपल्याकडे सोयाबीन निघायची आणि तिथे गाईड लागायची वेळ एकच येते. घरचं शेत असेल तर ही गोष्ट बापाशी आधीच बोलून घ्या. मी बोललो नव्हतो. त्या वर्षी मजूर मिळाले नाहीत, आणि बाबांशी माझं दोन महिने धड बोलणं नव्हतं.

जेवणानंतर झिपलाइन. लोकांना ती सोपी वाटते, कारण पाणी नाही आणि नुसतं लटकून जायचं असतं. मला मात्र दिवसातला हाच भाग जास्त धोक्याचा वाटतो. वल्हवून हात थकलेले, कपडे ओले, पोट भरलेलं, अवघड ते संपलं अशी सगळ्यांची समजूत. गाईडचीही.

तिसऱ्या महिन्यातला एक रविवार. रांग मोठी होती आणि हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, चढवायचं काम माझ्याकडे होतं. एका कॉलेजच्या मुलीचा मांडीचा पट्टा मी बांधला, डोळ्यांनी पाहिला, घट्ट दिसला, 'ओके' म्हणून पुढे पाठवली. त्या हार्नेसचं बकल जुन्या पद्धतीचं होतं. त्यातून पट्टा एकदा ओवला की परत उलटा ओवून घ्यावा लागतो, तरच तो धरतो. मी तो परत ओवलाच नव्हता. वरच्या मचाणावर सिनियर होते. त्यांनी सवयीनं पट्टा हिसडला आणि तो त्यांच्या हातात आला. त्यांनी पाहुण्यांसमोर एक शब्द काढला नाही. नीट बांधला, तिला सोडलं, आणि मला वर बोलावून माझी जागा दुसऱ्याला दिली. संध्याकाळी म्हणाले, "डोळ्याला जे दिसायला हवं असतं तेच दिसतं. हात लाव." त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून हेल्मेट, कंबर, दोन्ही मांड्या, कॅराबिनरचा (दोरी अडकवायच्या कडीचा) स्क्रू आणि तारेवरची पुली, याच क्रमानं, प्रत्येक गोष्टीला हात लावून, तोंडानं म्हणत तपासतो. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. कमरेपासून दोन दोऱ्या असतात. एक काढायची तर दुसरी आधी अडकलेली हवी, मचाणावरसुद्धा, आणि हा नियम गाईडलाही लागू.

बाकी शिकायचं पुष्कळ आहे. तार मधे झोळ खाते, त्यामुळे हलका माणूस समोरून वारा आला की अलीकडेच थांबतो आणि जड माणूस पलीकडे वेगात पोहोचतो. म्हणून किमान आणि कमाल वजन ठरलेलं असतं. थांबलेल्याला आणायला गाईडनं तारेला लटकून हातांनी ओढत जायचं असतं. लांब केस आणि ओढणी पुलीत जातात, ती आधी बांधून घ्यायची. ढग गडगडले की लाइन बंद, पैसे परत द्यावे लागले तरी बंद. वजन जास्त असलेल्या किंवा पिऊन आलेल्या माणसाला नाही म्हणायची तयारी नसेल तर या कामात येऊ नका. मी एवढंच म्हणतो, "काका, आज नको." कारण नंतर, एकटे असताना सांगतो.

शिक्षणाचं विचाराल तर पदवी लागत नाही, पण कागद लागतो. प्रथमोपचार आणि सी.पी.आर.चं (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचं) प्रमाणपत्र सगळ्यात आधी काढा. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जीवरक्षकाचे आणि बोट चालवण्याचे अभ्यासक्रम होतात. आंतरराष्ट्रीय राफ्टिंग महासंघाची गाईडची परीक्षा असते. त्यासाठी आपण किती ट्रिपा केल्या याची नोंदवही लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून तारीख, नदी, पाण्याची पातळी, आपण काय काम केलं हे लिहून ठेवा. दोरीकामासाठी १९६५ पासून चालणारी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. तिचा अठ्ठावीस दिवसांचा बेसिक कोर्स केलेल्या मुलाला झिपलाइनवर लगेच उभं करतात.

नोकरी धरताना विचारायला लाजू नका. माझ्या पहिल्या ठिकाणी विमा नव्हता आणि शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे आजतागायत मिळाले नाहीत. गाईडचा विमा आहे का, दोऱ्या आणि जॅकेटं किती जुनी, त्यांची नोंद कुठे, राफ्टसोबत सेफ्टी कयाक (पडलेल्याला उचलायला सोबत चालणारी छोटी होडी) असते का, हे थेट विचारा. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद दाखवा म्हटल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडे राहू नका.

मुलं मला नेहमी विचारतात, दादा, हे आपल्याकडे नाही का होणार? झिपलाइनसारखी दोरीची कामं चिखलदऱ्याच्या बाजूला होऊ शकतात आणि त्यासाठी शिकलेली पोरं लागतीलच. राफ्टिंगचं मी खोटी आशा दाखवून सांगणार नाही. वैनगंगा, वर्धा मोठ्या आहेत, पण त्यांना उतार नाही. मेळघाटात सिपना, खापरा, गडगा यांना उतार आहे, पण जोराचं पाणी असतं ते ऐन पावसाळ्यात, गढूळ, झाडं वाहून आणणारं, आणि वरून व्याघ्रप्रकल्प. वाहून आलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. तिथे राफ्ट घालायला कुठलाही शहाणा गाईड तयार होणार नाही.

पण या शिक्षणाचा उपयोग गावात झाला तो वेगळ्याच जागी. आमच्या नदीवर कोल्हापुरी बंधारा आहे. पावसाळ्यात त्यावरून पाणी पडतं तेव्हा पोरं वरून उड्या मारतात. मीही मारल्या आहेत. पडणारं पाणी खाली जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटं फिरतं आणि त्यात सापडलेल्याला तिथेच घुसळत ठेवतं. वरून ते अगदी शांत दिसतं. गावात त्याला भोवरा म्हणतात आणि कुणी गेला की नशीब म्हणतात. त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही जातो. उडी शेवटची, आधी ओरडायचं, मग काठी पुढे करायची, मग दोरी फेकायची. आणि बाहेर काढलेल्याला पालथं घालून पोट दाबत बसायचं नाही. श्वास नसेल तर १०८ ला फोन करायला सांगून ताबडतोब तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबायला घ्यायची.

दोन वर्षांपासून पोळ्याच्या आधी मी सुट्टी काढून गावात येतो आणि पोरांना थ्रो बॅग फेकायला शिकवतो. पंधरा-वीस मीटर पाण्यावर तरंगणारी दोरी, ती पिशवीत न गुंडाळता नुसती कोंबलेली, म्हणजे फेकताना सरळ सुटते. विकतची पिशवी महाग पडली, म्हणून दोरी तेवढी आणली आणि पिशव्या आईनं घरच्या मशीनवर शिवल्या, खताच्या पोत्याच्या कापडाच्या, तोंडाला लाल काठ लावून, "गढूळ पान्यात दिसाले पाह्यजे" म्हणून. तीन पिशव्या बंधाऱ्याजवळच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगल्या आहेत. खोलीला कुलूप लावायचं नाही, असं तिनं मोटारवाल्या काकांना स्वतः जाऊन सांगितलं आहे.